उमेळ्यात मौर्य बुडाले

आमच्या गावाला मौर्य साम्राज्याची फार काळजी. अशोकाचा शिलालेख सोपाऱ्याला सापडला आणि सोपारा उमेळ्याहून सायकलवर जाता येईल इतकं जवळ, म्हणजे अशोक जवळजवळ आपल्या भावकीतलाच, असं आमच्या पुरुषमंडळींनी कधीच ठरवून टाकलंय. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी समाजाच्या हॉलमध्ये वादविवाद भरतो. विषय बदलतात, पण दोन-तीन वर्षांनी गाडी फिरून त्याच जागी येते. मौर्य साम्राज्य कोणी बुडवलं, बाहेरच्यांनी की आतल्यांनी? माझे आजोबा यावर बोलले, वडील बोलले आणि वडिलांच्या मागे माझा थोरला भाऊ आत्माराम बोलायला लागला. साम्राज्य बुडून दोन हजार वर्षं उलटली, आमच्या हॉलमध्ये ते अजून गटांगळ्या खातंय.

मी मनोरमा. वसईच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. लग्नानंतर वसई रोडला फ्लॅटमध्ये राहते, म्हणजे माझ्या माहेरच्या भाषेत मी 'बिल्डिंगवाली' झाले. सत्त्याण्णव साली वादविवाद मंडळाने मला परीक्षक म्हणून बोलावलं. माझ्या ज्ञानाची कदर वगैरे काही नाही. नेहमीचे प्रोफेसर मुलाकडे पुण्याला गेले होते, आणि कोणीतरी सुचवलं की बाई बसवली तर पेपरात फोटो येईल. जोडीला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते पहिल्या वक्त्यालाच पेंगायला लागले आणि नंतर सगळे गुण माझ्या कागदात डोकावून देत राहिले.

पण त्या दिवसाबद्दल सांगण्याआधी बावखलाबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा संताप कोणाला कळायचा नाही.

बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं तळं. कोणी पूर्वजांनी खणलेलं, पावसाने भरणारं, गोड्या पाण्याचं. समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरींना गोडं पाणी लागतं ते बावखलांमुळे. पावसाचं पाणी तिथे साठतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नाही. एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमचं बावखल पाच जणांच्या वाट्याचं. एक वाटा माझ्या भावाचा, एक चुलतभाऊ काशिनाथचा, एक शेजारच्या ऑगस्टीनचा आणि बाकीचे दोघे बोरिवलीला राहायला गेले ते. "तुम्ही ठरवाल ते," असं त्या दोघांनी केव्हाच सांगून ठेवलेलं. वाटे पाच, पण त्या पाण्यावर खरोखर जगणारी एकच व्यक्ती होती. माझी लीलावहिनी.

आत्मारामदादाने सगळं आयुष्य मुंबईत, फोर्टातल्या एका बँकेत काढलं. वाडी केली ती वहिनीने. पानवेली, केळी, थोडा मोगरा. सासू-सासऱ्यांचं तिनेच केलं, दोन मुलींची शिक्षणंही पानांवर झाली. दादाचा पगार कुठे जायचा हे विचारू नये. पुस्तकं, सभा, मित्रमंडळी. बोलका माणूस घरात असला की दुसऱ्याला काम करावंच लागतं. पानवेल ही फार नखरेल बाई आहे. तिला रोज थोडं थोडं आणि गोडंच पाणी लागतं. पाण्याच्या पाळीला वहिनी उजाडायच्या आत पंपापाशी हजर असायची. तापात असली तरी.

आता जितेंद्र. हा काही गुजरातेतून किंवा मुंबईतून आलेला बिल्डर नव्हे. आमच्याच गावचा, काशिनाथच्या सख्ख्या साडूचा मुलगा. लहानपणी आमच्याच बावखलात पोहायला शिकला. याला ऑगस्टीनच्या वाडीपलीकडे चार बिल्डिंगा उभ्या करायच्या होत्या, आणि तिथे जायचा रस्ता सरळ काढायचा तर मध्ये बावखल येत होतं. वळसा घालून रस्ता काढता आला असता. पण वळशात त्याची एक बिल्डिंग कमी होत होती. म्हणून बावखल भरून द्या, असं त्याचं म्हणणं. हॉलचे नवे पत्रे यानेच घातले. वादविवादाची ढाल यानेच दिली. कोणाकडे लग्न निघालं की खुर्च्या आणि मांडव याच्याकडून फुकट. गावात याला कोणी नाही म्हणत नसे.

वादविवादाआधीच्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा दादा ओट्यावर उभा राहून गर्जत होता.

"माझ्या प्रेतावरून जाईल म्हणावं तो ट्रक! बावखल भरतोय! याच्या आज्याने खणलं होतं का?"

"मग त्याला सांगा ना तसं," आतून वहिनी म्हणाली.

"सांगायची वेळ आली की सांगेन. चारचौघांत सांगेन."

ऑगस्टीनही तेच म्हणत होता. पाण्याच्या पाळीवरून वहिनीशी बोलताना त्याने क्रॉसवर हात ठेवून सांगितलेलं, "मी नाय देनार, लीलाबाय. तू घाबरू नको." काशिनाथने तर मला स्वतः सांगितलं होतं की बावखल दिलं तर त्याची आई त्याच्या स्वप्नात येऊन जाब विचारील. म्हणजे एकाचीही इच्छा नव्हती. हे लक्षात ठेवा. पुढे मला जी किळस आली ती लोभाची नाही. लोभी माणसाला निदान काहीतरी हवं तरी असतं.

आमच्याकडे सामाईक गोष्ट ठरवायची एक जुनी रीत आहे. वाटेकऱ्यांतला वडीलधारा उभा राहतो आणि तीनदा विचारतो, "कोणाची हरकत?" तिसऱ्यांदा विचारून कोणी बोललं नाही की ठरलं. मग त्यावर पुन्हा बोलायचं नाही. रीत चांगली आहे, बुजऱ्या माणसालाही धीर गोळा करायला वेळ मिळावा म्हणून केलेली. पण आमच्या शहाण्यांनी तिच्यावरही आपली कलाकुसर केली. पहिल्या हाकेला बोलला तो उतावळा, दुसऱ्या हाकेला बोलला तो भांडखोर. प्रतिष्ठित माणूस तिसऱ्या हाकेनंतर, घसा खाकरून, सावकाश बोलतो. आणि बोलायचा अधिकार ज्याचं नाव सात-बाराच्या उताऱ्यावर आहे त्यालाच. आम्हा बहिणींची नावं वडील गेल्यावर हक्कसोड करून उडवलेली. वहिनीचं नाव तिथे येण्याचा प्रश्नच नव्हता. ती फक्त पाणी घालत होती.

तर तो रविवार. हॉल भरलेला. मागच्या अंगणात जितेंद्रच्या खर्चाने जेवण शिजत होतं आणि मटणाचा वास थेट व्यासपीठापर्यंत येत होता. बायका दारापाशी आणि खिडक्यांशी बसलेल्या, त्यांत वहिनीही होती. माझे यजमान पहिल्या रांगेत. ते चिपळूणचे, त्यांना या प्रकाराची गंमत वाटते.

आधी ऑगस्टीन बोलायला उठला. त्याच्या वाट्याला 'बाहेरच्यांनी बुडवलं' ही बाजू होती. चर्चच्या कार्यक्रमात बोलून बोलून त्याचा आवाज खणखणीत झालेला.

"यवन आले, ग्रीक!" तो म्हणाला. "बॅक्ट्रियातून आले, पंजाबातून आले, साकेतापर्यंत येऊन धडकले. कोणी बोलावलं होतं त्यांना? कोणी नाय! बाहेरचा मानूस येतो तेव्हा आधी पानी मागतो, मग जागा मागतो, मग आपल्यालाच विचारतो, तू कोन? आज आपल्याकडे कोन कोन येतंय ते मी सांगायला नको."

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांनी मान वळवून स्टेशनच्या दिशेच्या बिल्डिंगांकडे पाहिलं. माझे यजमान ओशाळं हसले. ते पंधरा वर्षं टँकरच्या पाण्यावर आंघोळ करताहेत, आणि तो टँकर उमेळ्यासारख्याच कुठल्या गावच्या विहिरीवर भरून येतो. त्या विहिरींचे मालक असे हॉलमध्ये बसून यवनांना शिव्या घालतात. व्यासपीठावर बसून मला हसूही येत होतं आणि चीडही.

मग दादा उठला. खरं सांगायचं तर माझा भाऊ बोलतो छान. गळ्यात जादू आहे त्याच्या. सुरुवातीला सोपाऱ्याचा शिलालेख झाला, अशोकाची करुणा झाली, रिकामा होत गेलेला खजिना झाला, दुबळे वारस झाले. आणि मग तो पुढे आला, आवाज खाली आणला.

"मित्रहो, बृहद्रथ. मौर्यांचा शेवटचा राजा. त्याच्या सेनापतीने, पुष्यमित्राने, त्याला फौजेची पाहणी करायला बोलावलं. भर दिवसा. उघड्या मैदानात. आणि सगळ्या फौजेच्या देखत राजाचा गळा कापला. मी पुष्यमित्राला दोष देत नाही. महत्त्वाकांक्षी माणसं प्रत्येक काळात असतात. मी विचारतो त्या फौजेला! हत्तीवर बसला होतात, घोड्यावर बसला होतात, हातात शस्त्र होतं. एकाच्याही तोंडून 'थांब' एवढा शब्द निघाला नाही? यवनांनी नाही बुडवलं साम्राज्य. ते त्या मैदानात बुडालं, त्या गप्प बसण्यात बुडालं!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. जितेंद्रही उभा राहिला. मुख्याध्यापक जागे झाले. इतिहास म्हणून त्या कथेला मी फार वजन देणार नाही, ती कित्येक शतकांनंतर लिहिलेली आहे. पण वक्तृत्व म्हणून त्या दिवशी त्याच्या जवळपास कोणी नव्हतं. मी माझ्या कागदावर त्याला पहिला लिहिला. भाऊ म्हणून नाही. उलट भाऊ म्हणून कुठे गुण कापता येतील का तेही पाहिलं.

बेरजा व्हायच्या होत्या. तेवढ्यात जितेंद्र काशिनाथच्या कानाशी लागला. काशिनाथ उठला, उपरणं सावरलं आणि म्हणाला, "निकाल होईपर्यंत एक छोटं काम उरकून घेऊ. बोरिवलीवाले सोडले तर सगळे वाटेकरी इथेच आहेत. जेवणाला उशीर नको. आपल्या बावखलाचा विषय."

छोटं काम! मी खुर्चीत ताठ झाले. दारापाशी वहिनी उठून उभी राहिली. तिने दादाकडे पाहिलं. दादा पहिल्या रांगेत बसला होता, अजून भाषणाच्या घामाने चेहरा चमकत होता, लोक मागून त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मला अगदी खात्री होती. इतकं बोलून झालेला माणूस आता एक वाक्य बोलायला कशाला कचरेल?

"जितूला रस्त्यासाठी बावखल भरून हवंय," काशिनाथ म्हणाला. "मोबदला तो सगळ्यांना सारखा देईल. कोणाची हरकत?"

कोणी बोललं नाही. पहिल्या हाकेला कोण बोलतो?

"कोणाची हरकत?"

ऑगस्टीनने दादाकडे पाहिलं. दादाने काशिनाथकडे पाहिलं. काशिनाथ विचारणारा, तो कसा बोलणार? तो पंख्याकडे बघत होता.

"तिसऱ्यांदा विचारतो. कोणाची हरकत?"

दादाने घसा खाकरला. मी पाहिलं, त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला, उठण्यासाठी जातो तसा. मागच्या अंगणात कोणीतरी पातेल्यावरचं झाकण आपटलं. जितेंद्र दादाकडे बघून हसला, ओळखीचं, घरच्यासारखं. आणि दादाचा हात परत मांडीवर आला.

"ठरलं," काशिनाथ म्हणाला. त्याचा आवाज मात्र उतरलेला होता.

"माझी हरकत आहे."

सगळे दाराकडे वळले. वहिनी उंबऱ्याच्या आत आली होती. पुरुषांच्या बैठकीत ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. तिचा आवाज चिरका आला, आणि दोन-चार जण हसले.

"बावखल भरलं तर विहीर खारी होईल," ती म्हणाली. "पानवेली जातील. मी काय करू मग? माझी हरकत आहे."

"लीला, अगं, तुझं नाव उताऱ्यावर नाही," काशिनाथ म्हणाला. वाईट बोलला नाही तो, समजावणीच्या सुरात बोलला. मग त्याला जणू वाट सापडली. तो घाईने दादाकडे वळला. "आत्माराम, तुझं आहे. तू सांग. तुझी हरकत आहे का?"

रीतीबाहेर जाऊन विचारलं त्याने. चौथ्यांदा, नाव घेऊन. मी आजही सांगते, त्या क्षणी दादाने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. काशिनाथला हवंच होतं ते. ऑगस्टीन खुर्चीच्या काठावर आला होता. सगळं बावखल माझ्या भावाच्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

दादाने वहिनीकडे पाहिलं. मग हॉलकडे पाहिलं. मग हसला.

"तीनदा विचारून झालंय ना?" तो म्हणाला. "मग नियम तो नियम. बायकांचं काय मनावर घ्यायचं. निकाल लावा, जेवणं थंड होताहेत."

लोक मोकळेपणाने हसले. कोंडी फुटल्यासारखं झालं सगळ्यांना. वहिनी उंबऱ्यात होती तिथेच उभी राहिली. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ती बाहेर गेली.

 शप्पथ सांगते, किळस आली मला. हातातला कागद फाडून टाकावा, असं मनात आलं. पण गुण मी भाषणाला दिले होते आणि भाषण खरोखरच पहिलं होतं. मी माइकपाशी गेले आणि निकाल वाचला. पहिलं बक्षीस, आत्माराम. मग राहवलं नाही.

"त्यांचं भाषण उत्कृष्ट होतं," मी म्हणाले. "इतकं बोलता येणारा माणूस वेळ आली की मुका का होतो, तेवढं मात्र मला त्या भाषणातून कळलं नाही."

आणि हॉलने टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं बहीण भावाची थट्टा करतेय. दादाही हसला, पुढे आला, जितेंद्रच्या हातून ढाल घेतली. फोटो निघाला. पेपरात आला तो, माझ्यासकट. त्यात मी दात काढलेली दिसते, पण ते हसू नाही.

जेवणाच्या रांगेत तर कहर झाला. पहिला ऑगस्टीन आला, ताटात रस्सा सांभाळत. "मनूबाय, मला वाटलं आत्माराम बोलंल. एवढं बोलला ना आताच. मी मध्ये कशाला बोलू? त्याचीच वाडी त्या पान्यावर." मग काशिनाथ आला. "मी विचारणारा गं, मने. माझं तोंड बांधलेलं. मला वाटलं ऑगस्टीन सोडायचा नाही. म्हणून तर बिनघोर विचारलं." दोघेही खरं बोलत होते, आणि दोघेही हाडं चोखत होते. तुम्हाला वाईट वाटतंय तर ताट कसं हातात धरवतं, असं मी विचारलं. काशिनाथ म्हणाला, "अन्नावर राग काढू नये." म्हणसुद्धा यांना वेळेवर आठवते!

मी न जेवता माहेरच्या घरी गेले. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. थोड्या वेळाने दादा आला, काखेत ढाल. ती ठेवायला जागा शोधू लागला.

"तू का नाही बोललास?" मी विचारलं.

"बोलणारच होतो. तेवढ्यात ही मध्ये पडली. मग बोललो असतो तर लोक काय म्हणाले असते? बायकोने डोळे वटारले म्हणून आत्माराम उठला."

"ती तिसऱ्या हाकेनंतर बोलली, दादा. तुझी वेळ तोपर्यंत टळली होती."

"तुला वादच घालायचाय का?"

"अजून काही लिहून झालेलं नाही," वहिनी म्हणाली. तिने तांदळातून मान वर केली नव्हती. "जितू अजून हॉलमध्येच असेल. जाऊन सांगा त्याला."

"असं कसं सांगू? शब्द दिलाय आता."

वहिनीने सूप बाजूला ठेवलं.

"शब्द दिला?" ती म्हणाली. "तुम्ही तर तोंडच उघडलं नाहीत."

दादाने ढाल भिंतीला टेकवली.  तो म्हणाला, थोडं पडतो, आणि आत गेला. ऑगस्टीनकडे मी स्वतः गेले, काशिनाथकडे गेले. दोघेही म्हणाले, आत्माराम पुढे झाला तर आम्ही मागे आहोत. मी परत येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, ते दोघे पुढे झाले तर मी मागे आहे. मी तिथून निघाले. त्या घरात आणखी थोडा वेळ थांबले असते तर माझ्या हातून ती ढाल बाहेर फेकली गेली असती.

होळीच्या आत बावखल भरलं. माती परवडत नव्हती म्हणून मुंबईतल्या पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज आणून ओतलं. मोडक्या लाद्या, संडासाची भांडी, गंजलेल्या सळया. कासवं वर आली तेव्हा पोरांनी ती पाटीत भरून नेली. ट्रक कोणाच्याही प्रेतावरून गेला नाही. दादा ओट्यावर बसून पेपर वाचत होता आणि ट्रक त्याच्या समोरून गेले. पहिल्या दिवशी त्याने खिडकी लावून घेतली, एवढं खरं. धूळ येते म्हणाला.

पाऊस झाला. पाणी साठायला जागाच नव्हती, ते रस्त्यावरून वाहून ऑगस्टीनच्या घरात शिरलं. त्याने जितेंद्रला शिव्या दिल्या, मनातल्या मनात. दिवाळीनंतर आमच्या विहिरीचा चहा फाटायला लागला. नाताळापर्यंत पाणी तोंडात धरवेना. वहिनीने महिनाभर लांबच्या विहिरीवरून हंडे आणून वेली जगवायचा प्रयत्न केला. माझ्या वहिनीचं वय तेव्हा पन्नाशीपुढे होतं. दादाने एक हंडा उचलला नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं कौतुक सांगायचा.

आणि मग नव्या वर्षाचं निमंत्रण आलं. मंडळाने या वेळी मौर्यांना सुट्टी दिली होती. विषय होता, 'वसईची बागायत कोणी बुडवली?' बाजू त्याच, बाहेरच्यांनी आणि आतल्यांनी. परीक्षक म्हणून पुन्हा मी. प्रायोजक पुन्हा जितेंद्र. मी निमंत्रणाचा चोळामोळा करून कचऱ्यात टाकला आणि वहिनीची चौकशी करायला उमेळ्याला गेले.

ती वाडीत होती. मेलेल्या वेली ओढून काढून एका जागी रचत होती, चुलीला होतील म्हणून. दादा बाजूला बाकावर बसला होता, चष्मा लावून, मांडीवर कागद. मला पाहून खूश झाला.

"बरं झालं आलीस. या वेळी माझ्याकडे 'बाहेरच्यांनी' आहे. सुरुवात बघ कशी झालीय." त्याने वाचून दाखवली. सुंदर होती. मग तो वहिनीकडे वळला. "अगं, पानवेल मरते कशी, ते जरा नीट सांग. म्हणजे आधी काय होतं, मग काय होतं. भाषणात घालायचंय."

मला वाटलं ती आता हातातली वेल त्याच्या तोंडावर मारणार. मारायला हवी होती. पण ती थकलेली होती, आणि तीस वर्षांत त्याने तिच्या वेलींबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तिने सांगितलं.

"आधी कडा जळतात पानाच्या. वाटतं उन्हाने असेल. आपण आणखी पाणी घालतो. तेच पाणी तिला मारत असतं. आपणच घालत असतो आपल्या हाताने."

"वा!" दादा म्हणाला आणि भराभर लिहायला लागला. "वा, वा. हे शेवटाला घेतो. लोक रडतील. अजून सांग."

 हाताला लागलेली माती वहिनीने लुगड्याला पुसली.

"आणखी एवढंच लिहा," ती म्हणाली, "की मी हरकत घेतली होती."

दादाचं पेन थांबलं. त्याने खरोखर विचार केला, डोळे मिटून, ते वाक्य कुठे बसतं का ते पाहिलं. मग मान हलवली.

"ते विषयाला धरून होणार नाही," तो म्हणाला, आणि पुढचा मुद्दा लिहायला घेतला.